विश्रांतीचा हुकूम

लेहच्या विमानतळावर उतरलं की लष्करी माणसाला मिळणारा पहिला हुकूम असतो, झोपून राहा. ११,५०० फुटांवर पहिले सहा दिवस हवामानाशी जुळवून घेण्याचे. त्यातले पहिले दोन दिवस पूर्ण आराम, मग दोन दिवस सपाटीवर थोडं चालणं, मग दोन दिवस जरा लांब आणि थोडा चढ. १२,००० फुटांच्या वर जायचं असेल तर आणखी चार दिवस, १५,००० च्या वर त्याहून आणखी चार. जनरल असो की जवान, सूट कोणालाच नाही. १९६२ साली मैदानी प्रदेशातून थेट उंचीवर चढवलेल्या पलटणींनी याची किंमत मोजली. नंतर आपल्याच लष्करी डॉक्टरांनी, इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जवळपास दोन हजार जवानांच्या आजाराचा अभ्यास करून १९६९ मध्ये तो जगापुढे मांडला. आजचं वेळापत्रक अशा अनुभवातून आलं आहे.

यावेळी ट्रान्झिट कॅम्पात माझ्याबरोबर माणदेशातला एक जवान होता. वय बावीस-तेवीस, पलटणीच्या क्रॉस कंट्री संघातला, महिन्याच्या रजेवरून परतत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बराकीबाहेर तो जागच्या जागी उड्या मारताना दिसला. मी दटावल्यावर म्हणाला, "साहेब, सहा दिवस पळालो न्हाई तर दम तुटंल की."

मग गप्पा झाल्या. भरतीच्या ग्राउंडसाठी सतराव्या वर्षापासून तो पहाटे बांधावरून पळतो. ताप सोडला तर एकही दिवस चुकलेला नाही. रजेच्या महिन्यात चार रोड रेस पळून आला होता. दोन महिन्यांपासून डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला बोटभर जागेत दुखतंय, पण एमओ साहेबांना सांगितलं नाही, कारण ते लाइट ड्यूटी देतील आणि संघातून नाव जाईल.

आमच्या बाजूने सांगायचं तर हा मुलगा अपवाद नाही. एनडीएत असताना आम्हीही असेच होतो. खडकवासल्याच्या इंटर-स्क्वाड्रन क्रॉस कंट्रीनंतर दुसऱ्या दिवशी जो लंगडला तो कच्चा, असा सरळ हिशेब असायचा. विश्रांती म्हणजे कामचुकारपणा हे आपल्याकडे पीटी उस्तादापासून कर्नलपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं आहे. उंचीवर मात्र आपण ती हुकूम म्हणून पाळतो. पळणाऱ्या माणसाच्या बाबतीत ती हुकूम का होत नाही, हे शोधायला सहा दिवस मोकळे होतेच. खोलीत पडून मी लांब पल्ल्याच्या धावण्याचा इतिहास पुन्हा चाळला.

सुरुवात एका कॅप्टनपासूनच करावी लागते. स्कॉटलंडचा कॅप्टन रॉबर्ट बार्कले. १८०९ साली त्याने पैज लावली, १,००० तासांत १,००० मैल चालण्याची, आणि तेही दर तासाला नेमका एक मैल. १ जून ते १२ जुलै, इंग्लंडमधल्या न्यूमार्केटला त्याने ती जिंकली. बेचाळीस दिवसांच्या या प्रकारात त्याला सलग झोप मिळाली ती फार तर तास-दीड तासाची, कारण एका तासाच्या शेवटी एक मैल आणि पुढच्या तासाच्या सुरुवातीला दुसरा असे तो जोडून चालायचा. वजन ३२ पौंडांनी उतरलं. आठवड्याभरात हा गडी वाल्खरेनच्या लष्करी मोहिमेवर रवाना झाला. वाचून सॅल्यूट मारावासा वाटतो, पण त्या काळातल्या पैजेच्या पायी शर्यतींचं एक अंग आपण विसरतो. ही माणसं वर्षभर सराव करत नसत. पैज ठरली की काही आठवडे जुलाब, घाम, मांस, लांब चाल असा कडक कार्यक्रम. पैज संपली की पुन्हा नेहमीचं खाणंपिणं. दोन पैजांमधली विश्रांती कोणी आखलेली नव्हती. ती आपोआप मिळायची.

पुढे शंभर वर्षं असंच चाललं. विश्रांती निसर्ग द्यायचा, किंवा गरिबी द्यायची. फिनलंडचा पाव्हो नुर्मी घ्या. फिनलंडमध्ये हिवाळ्यात जमीन बर्फाखाली. त्याच्या पिढीचे धावपटू त्या महिन्यांत जंगलातून लांब चालायचे, स्कीइंग करायचे. खरं पळणं वसंतात सुरू व्हायचं. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला नुर्मीने पाच सुवर्णपदकं घेतली, त्यातली १,५०० आणि ५,००० मीटरची एकाच दिवशी, मध्ये तासाभराचीही उसंत नसताना. तोपर्यंत बर्फाने त्याची काळजी घेतली होती. १९२५ च्या जानेवारीत तो अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला आणि मे महिन्यापर्यंत ५५ शर्यती पळाला, बहुतेक बंदिस्त सभागृहांत. जवळजवळ सगळ्या जिंकला. पण विश्रांतीचा ऋतू पैशाने आणि प्रसिद्धीने खाऊन टाकला, याचं हे पहिलं मोठं उदाहरण म्हणता येईल. छपराखाली पळायची सोय झाली आणि हिवाळा संपला.

आता आमच्या बिरादरीतला माणूस, चेकोस्लोव्हाक सैन्यातला अधिकारी एमिल झाटोपेक. झ्लिन गावी बाटाच्या बुटांच्या कारखान्यात कामगार होता, १९४५ मध्ये सैन्यात आला. लष्करी बूट घालून जंगलात, बर्फात पळायचा. ४०० मीटर झपाट्याने, मग तेवढ्यापुरतं हळू, पुन्हा ४०० मीटर. असे दिवसाला चाळीस, साठ, पुढे तर शंभर फेरे. १९५२ ला हेलसिंकीत त्याने आठ दिवसांत १०,००० मीटर, ५,००० मीटर आणि आयुष्यात प्रथमच पळालेली मॅरेथॉन, तिन्ही सुवर्णं घेतली. तसं आजवर दुसऱ्या कोणाला जमलेलं नाही. त्यामुळे जगभरच्या प्रशिक्षकांनी धडा घेतला तो फेऱ्यांचा. आपल्याकडेही 'झाटोपेक रोज इतके राउंड मारायचा' हे वाक्य किती ग्राउंडवर ऐकलं असेल!

त्याच झाटोपेकची १९५० सालची गोष्ट मात्र ग्राउंडवर कोणी सांगत नाही. ब्रुसेल्सला ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात युरोपियन अजिंक्यपद स्पर्धा होती. महिन्याच्या सुरुवातीला तुर्कूत त्याने १०,००० मीटरचा जागतिक विक्रम केला होता, २९ मिनिटं २.६ सेकंद. त्यानंतर खाण्यातून विषबाधा झाली आणि तो थेट इस्पितळात. ऐन स्पर्धेच्या तोंडावर सराव बंद. शर्यतीला दोनच दिवस असताना बाहेर आला. १०,००० मीटर त्याने २९:१२.० मध्ये जिंकली. दुसरा आलेला फ्रान्सचा आलँ मिमून एक मिनिटाहून जास्त मागे होता. मग ५,००० मीटर, तिथे मिमून २३ सेकंद मागे. धावण्याच्या शास्त्रावर लिहिणाऱ्यांनी या प्रकाराला झाटोपेकचंच नाव दिलं आहे: सक्तीच्या विश्रांतीनंतर अचानक उमलून आलेली ताकद.

यावर कोणी म्हणेल, विक्रम तर आजारपणाआधीच झाला होता. खरं आहे, विषबाधेने त्याला ताकद दिली नाही. ताकद त्या फेऱ्यांनीच कमावली होती. इस्पितळाच्या खाटेने फक्त ती बाहेर येऊ दिली, असं माझं मत. आणि हा माणूस स्वतःहून कधी खाटेवर पडला नसता याची खात्री आहे, कारण १९५६ ला त्याने काय केलं ते बघा. मेलबर्न ऑलिम्पिकच्या आधी बायको दानाला खांद्यावर घेऊन व्यायाम करताना त्याला हर्निया झाला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दोन महिने पळू नको म्हटलं, आणि घरी सोडल्यावर लगेच याने पळायला सुरुवात केली. मेलबर्नची मॅरेथॉन जिंकली मिमूनने, झाटोपेक सहावा. (१९६८ च्या प्राग वसंतात त्याने उघड बाजू घेतली आणि त्याला सैन्यातून काढलं. तो वेगळा लेखाचा विषय आहे.)

विश्रांतीला नशिबाच्या हातून काढून कॅलेंडरात बसवलं ते न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डने. हाही बुटांच्या धंद्यातलाच, गंमत आहे. ऑकलंडमध्ये शेजारपाजारची पोरं घेऊन तो पळायचा. त्यापूर्वी बरीच वर्षं त्याने सगळे प्रयोग स्वतःच्या शरीरावर केले होते. २ सप्टेंबर १९६० ला रोममध्ये त्याच्या दोन पोरांनी, पीटर स्नेलने ८०० मीटर आणि मरी हालबर्गने ५,००० मीटर, तासाभराच्या अंतराने सुवर्णं घेतली. बॅरी मॅगीने मॅरेथॉनमध्ये कांस्य.

लिडियार्ड म्हटलं की लोकांना आठवतात ते आठवड्याचे १०० मैल. पण त्याचं खरं काम वर्षाच्या मांडणीत आहे. स्टाफ कोर्स केलेल्या माणसाला ते चटकन कळेल: उद्दिष्टाची तारीख घ्यायची आणि तिथून उलटं मोजत यायचं. शर्यतींचे आठवडे, त्याआधी ट्रॅकचे, त्याआधी टेकड्यांचे, त्याआधी सावकाश लांब पळण्याचे दोन-अडीच महिने. आणि या सगळ्याच्या आधी, मागचा मोसम संपल्यावर, काही आठवडे नुसतं हलकं जॉगिंग, घड्याळाशिवाय. ते आठवडे बाकीच्यांइतकेच मांडणीचा भाग. न्यूझीलंडचा उन्हाळा आपल्या हिवाळ्यात आणि ऑलिम्पिक त्यांच्या हिवाळ्याच्या शेवटी, त्यामुळे वर्ष हाताने आखल्याशिवाय त्याला गत्यंतरही नव्हतं. स्नेलने १९६१ च्या डिसेंबरात पूर्ण मॅरेथॉन पळून काढली आणि २७ जानेवारी १९६२ ला एक मैल ३:५४.४ मध्ये, म्हणजे जागतिक विक्रमी वेळेत. आठवड्याने ८०० मीटरचाही विक्रम. बारा महिने त्याच तेजीत पळणाऱ्याला हे जमत नाही.

जवळपास त्याच काळात सोव्हिएत संघात लेव्ह मात्वेयेव्हने वर्षाचे तीन भाग पाडले: तयारी, स्पर्धा आणि संक्रमण. संक्रमण म्हणजे सराव बंद नव्हे. दुसरा खेळ, पोहणं, भटकणं, डोकं मोकळं करणं. अमेरिकेत ओरेगॉनचा बिल बोवरमन, दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या डोंगरात लढलेला १० व्या माउंटन डिव्हिजनचा मेजर, १९६२ ला लिडियार्डकडे जाऊन आला. कठीण दिवसानंतर हलका दिवस हा त्याचा कायदा होता, आणि हलक्या दिवशी चोरून पळणाऱ्या पोरावर तो खवळायचा. केनी मूर नावाच्या त्याच्या एका धावपटूने पुढे लिहून ठेवलंय की बोवरमनने त्याला अक्षरशः मानगूट धरून तीन आठवडे जेमतेम जॉगिंगवर ठेवलं, आणि त्यानंतरच्या दोन मैलांच्या शर्यतीत त्याची वेळ कितीतरी सेकंदांनी सुधारली. मूर १९७२ च्या म्युनिक मॅरेथॉनमध्ये चौथा आला. मेजरसाहेबांना जे कळलं ते असं की या जातीच्या माणसाला सल्ला देऊन उपयोग नसतो, त्याला हुकूमच द्यावा लागतो.

आता 'दम तुटंल' याचा हिशेब. १९८४ मध्ये एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी सात मुरलेल्या खेळाडूंचा सराव ८४ दिवस पूर्ण बंद ठेवून मोजमाप केलं. शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, हा दमाचा सगळ्यात मान्य आकडा. पहिल्या २१ दिवसांत तो सुमारे ७ टक्क्यांनी उतरला, ५६ दिवसांपर्यंत १६ टक्क्यांनी, आणि मग तिथेच थांबला. सुरुवातीची घट मुख्यतः रक्तातलं पाणी कमी होऊन हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त बाहेर पडल्यामुळे असते, आणि पळणं सुरू झालं की हे पाणी लवकर भरून येतं. स्नायूंतल्या केशवाहिन्या, ज्या वर्षानुवर्षांच्या पळण्याने वाढतात, त्या ८४ दिवसांनंतरही कमी झाल्या नव्हत्या. थोडक्यात, पहिल्या तीन आठवड्यांत जे जातं त्यातलं बरंचसं कालपरवा कमावलेलं. अनेक वर्षांत कमावलेलं शरीर इतक्या लवकर सोडत नाही. आणि पूर्ण बंद करायलाही कोणी सांगत नाही. रॉबर्ट हिक्सन यांच्या प्रयोगांत लोकांनी आठवड्याचे सहा दिवस कमी करून दोनच ठेवले, जोर मात्र तेवढाच ठेवला, तर १५ आठवडे हा आकडा टिकून राहिला.

उलट बाजूला हाड आहे. हाडाच्या या दुखण्याचा शोध धावपटूंच्या नाही, सैनिकांच्या पायांत लागला. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांब मार्चनंतर रंगरुटांचे पाय सुजतात, दुखतात, याची नोंद केली. तेव्हा एक्स-रे नव्हता. तो आल्यावर कळलं की ही सूज नव्हे, हाडाला गेलेली बारीक तडे आहेत. ज्याला आज स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात, तेच. हाड सतत स्वतःची दुरुस्ती करत असतं: जुना भाग पोखरून काढायला साधारण तीन आठवडे, नवा भरायला सुमारे तीन महिने. म्हणजे भार वाढवल्यावर मध्ये असा काळ येतो की पोखरून झालंय आणि भरणं चालू आहे. त्या काळात रोज पळत राहिलं तर दुरुस्तीवाल्यांच्या अंगावरच गाडी घातल्यासारखं. बोटभर जागेतलं दुखणं, दाबल्यावर कळ, हे प्रत्येक पलटणीच्या एमओला पाठ असलेलं लक्षण आहे. दम तीन आठवड्यांत परत येतो. तुटलेली नडगी अख्खा मोसम घेऊन जाते, आणि आपल्याकडे मोसमाबरोबर बढतीही.

विरुद्ध बाजूचा साक्षीदारही हजर करायला हवा. इंग्लंडचा रॉन हिल, कापडाच्या रसायनशास्त्रातला डॉक्टरेट. १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने मॅरेथॉन २:०९:२८ मध्ये जिंकली. डिसेंबर १९६४ पासून जानेवारी २०१७ पर्यंत, म्हणजे ५२ वर्षांहून अधिक काळ, तो रोज किमान एक मैल पळाला. पायाच्या ऑपरेशननंतर प्लास्टर आणि कुबड्यांसहसुद्धा. त्याचं नाव घेऊन लोक मला गप्प करतात. मी एवढंच म्हणतो, रॉन हिलची रोजची अट एका मैलाची होती, आणि तो कोणाच्या संघातून वगळला जाणार नव्हता. शिवाय एका माणसाचं हाड टिकलं म्हणून कंपनीभर पोरांची टिकतील असा निष्कर्ष कोणी काढत नाही. दारू न सोडता नव्वदी गाठलेले आजोबाही प्रत्येक गावात एक असतात.

आपल्याकडे लांब पल्ल्याचं धावणं बहुतांशी फौजेनेच उचलून धरलं. शिवनाथ सिंग या आपल्या फौजी माणसाने, अनवाणी पायांना पट्ट्या चिकटवून, १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकला मॅरेथॉनमध्ये अकरावा नंबर काढला आणि १९७८ ला जालंधरला २:१२:०० अशी वेळ दिली. चार दशकांहून अधिक काळ तो राष्ट्रीय विक्रम होता तिथेच राहिला. बीडच्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे महार रेजिमेंटमधून सियाचिन, राजस्थान, सिक्कीम करून मग २०१५ मध्ये पळण्याकडे वळला. सतराव्या वर्षापासून शर्यतींत पिळून निघालेला नव्हता, हे त्याच्या पथ्यावर पडलं असावं असं मला वाटतं, पण ते माझं वाटणं.

शिवनाथ सिंगांच्या काळात वर्षभरात शर्यती मोजक्या. आज पोराला ब्रिगेड, डिव्हिजन, कमांड, सर्व्हिसेस असा जिना चढायचा असतो, आणि जिन्याच्या दोन पायऱ्यांमध्ये प्रत्येक शहराची मॅरेथॉन आहे: ऑक्टोबरात दिल्ली, डिसेंबरात पुणे, जानेवारीत मुंबई, शिवाय गावोगावच्या यात्रा. बक्षिसाची रक्कम घरच्या विहिरीच्या मोटारीला, बहिणीच्या लग्नाला जाते. त्याला 'लोभ करू नकोस' म्हणणं सोपं आहे. मी ते म्हणणार नाही. पूर्वी माणदेशात निदान पेरणी आणि सुगी तरी पळणं थांबवायची. आता तीही यंत्राने होते.

पण फौजेकडे एक गोष्ट आहे जी लिडियार्डकडे नव्हती. जवानाला वर्षाची ६० दिवस वार्षिक रजा आणि ३० दिवस कॅज्युअल असते. बहुतेक ठिकाणी संघातल्या पोराची रजा कंपनी क्लार्कच्या पत्रकात जिथे जागा रिकामी तिथे पडते, पुष्कळदा मोसमाच्या ऐन मध्ये. ती सर्व्हिसेस स्पर्धेच्या लगेच पुढच्या महिन्यात ठेवायची. पहिले दोन आठवडे पळणं बंद, सायकल, विहिरीत पोहणं, शेतातली कामं चालतील. नंतरचे दोन आठवडे एक दिवसाआड, घड्याळाशिवाय. जाताना एमओकडून पायांची तपासणी, आल्यावर पुन्हा तपासणी. त्या महिन्यात रोड रेस पळलेली कळली तर निवड चाचणीतून नाव बाद, आणि हे सगळं ट्रेनिंग ऑर्डरमध्ये लेखी, कमांडिंग ऑफिसरच्या सहीने. लेहच्या सहा दिवसांचा हुकूम लेखी आहे म्हणूनच तो पाळला जातो. बक्षिसाच्या पैशांची जी तूट येईल तिचा काही भाग पलटणीच्या निधीतून भरून काढता येतो का, हा प्रश्न मी आमच्या सुभेदार मेजर साहेबांपुढे ठेवला आहे. ते हिशेब मांडत आहेत.